पहिला कॅमेरा कोणता घ्यावा? पावणेदोनशे वर्षं जुन्या प्रश्नाचा इतिहास

(ऊर्जानगर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

 

मागच्या व्याख्यानानंतर बाहेर चहा घेत असताना एक तरुण जवळ आला. वीज केंद्रात कंत्राटी कामावर आहे. म्हणाला, "पैसे जमवले जी. पहिला कॅमेरा घ्यायचा आहे. चांगला कोणता, ते सांगून द्या न. ताडोब्यात वाघ काढायचा आहे."

एखादं मॉडेल सांगून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. पण त्याच्या प्रश्नात तीन गोष्टी होत्या. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा, 'चांगला' हा शब्द, आणि वाघ. या तिन्हींना इतिहास आहे. म्हणून म्हटलं, पुढचं व्याख्यान यावरच करू. आज तो इथे बसलाय, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही असं दिसतंय.

आपण कुठे बसलो आहोत तेही आधी लक्षात घेऊ. हे ऊर्जानगर, म्हणजे चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. एका बाजूला दुर्गापूर, पद्मापूरच्या कोळसा खाणी, वर चिमण्या आणि कुलिंग टॉवर, केंद्राला पाणी देणारं इरई धरण, आणि याच रस्त्यानं पुढे गेलं की मोहर्ली, ताडोब्याचं दार. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं ते सगळ्यात जुनं. मुंबई-पुण्याचा हौशी माणूस वाघाचा फोटो काढायला रात्रभर प्रवास करून येतो. आपल्याकडे वाघ कधी कधी स्वतःच येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार आणि लगोलग दुर्गापूर भागात बिबट्याच्या हल्ल्यात एक मुलगा गेला, हे इथे कुणाला सांगायला नको. त्यामुळे 'कॅमेरा कोणता' हा प्रश्न इथे नुसत्या हौसेचा राहत नाही. तो 'किती अंतरावर उभं राहायचं' या प्रश्नाला जाऊन भिडतो. शेवटी आपण तिथेच येणार आहोत.

काचेच्या पट्ट्या आणि तंबू

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या फोटोग्राफीच्या पद्धतीची घोषणा झाली. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला कलकत्त्यात कॅमेरा विक्रीची जाहिरात आली. म्हणजे नवं यंत्र निघालं की आपल्याकडे लगेच येतं, ही आजची गोष्ट नाही.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव तिच्या सुरुवातीच्या सभासदांत येतं, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः चांगले फोटोग्राफर होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा फोटोचा धंदा उभा केला.

आता कल्पना करा, त्या वर्गातल्या नवशिक्यानं विचारलं, "पहिला कॅमेरा कोणता घेऊ?" शिकवणारा काय सांगणार? कॅमेरा म्हणजे पुढे लेन्स बसवलेली लाकडाची पेटी. ती सगळ्यात सोपी गोष्ट होती. खरं काम त्यानंतरचं. १८५१ नंतर ओल्या कोलोडियनची पद्धत आली. काचेवर कोलोडियनचं द्रावण सारखं पसरायचं, मग काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा, आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही कमी. म्हणून फोटोग्राफर बाहेर निघाला की त्याच्याबरोबर अंधारा तंबू, पाणी, बाटल्या, काचा आणि हे सगळं वाहणारी माणसं निघायची.

आणखी एक अडचण होती. मोठं करून छापण्याची सोय जवळजवळ नव्हती. काच जेवढी, फोटो तेवढा. मोठा फोटो हवा तर मोठी काच, मोठी पेटी, जास्त हमाल. तेव्हा 'मोठा कॅमेरा म्हणजे चांगला कॅमेरा' हे अक्षरशः खरं होतं. ही समजूत लक्षात ठेवा. तिचं कारण कधीच संपलं, पण ती अजून आपल्या डोक्यातून गेलेली नाही.

त्या काळातही विषय बघून कॅमेरा निवडणारी माणसं होती. अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं रंगांत उतरवणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलचं उदाहरण घ्या. त्याच्या बऱ्याच रंगीत प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण त्याआधीच त्यानं कॅमेरा हाती घेतला होता, आणि अजिंठा-वेरूळसाठी निवडला तो दोन डोळ्यांचा, स्टिरिओ कॅमेरा. त्याच्या काचा लहान. पण ते जोडफोटो खास चष्म्यातून पाहिले की लेण्याची खोली जाणवते, खांब पुढे येतो, मूर्ती मागे सरकते. लेण्यांचं मर्म त्यांच्या खोलीत आहे, आणि ते दाखवणारं यंत्र गिलच्या हातात होतं. फर्ग्युसनबरोबरचं त्याच्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली निघालं.

बटण आलं, आणि काय गेलं?

१८७० नंतर कोरड्या काचा आल्या आणि तंबू सुटला. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. फोटो संपले की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. ते फोटो धुऊन, नवा रोल भरून परत पाठवायचे. १९०० साली ब्राऊनी आला, एका डॉलरचा. आता शाळेतलं पोरही फोटोग्राफर होऊ शकत होतं.

आपण नेहमी म्हणतो, कॅमेरा स्वस्त झाला, सोपा झाला. ते बरोबर आहे. पण प्रत्येक वेळी नेमकं काय घडलं ते पाहू. कोरड्या काचेनं घाई काढून घेतली. कोडॅकनं रसायनं काढून घेतली. पुढे लाइट मीटरनं उजेडाचा अंदाज काढून घेतला, ऑटोफोकसनं नजरेची मोजणी काढून घेतली, डिजिटलनं वाट पाहणं काढून घेतलं. प्रत्येक नव्या कॅमेऱ्यानं फोटोग्राफरचं एकेक काम स्वतःकडे घेतलं.

मग नवशिक्यासमोरचा खरा प्रश्न असा आहे: यातली कुठली कामं यंत्रावर सोपवायची आणि कुठली स्वतःकडे ठेवायची? ज्याला हे ठरवता आलं, त्याला दुकानात फसवता येत नाही. आणि हे ठरवणारा एक माणूस आपल्या मराठी मुलखात होऊन गेला.

फाळके लंडनला काय आणायला गेले?

धुंडिराज गोविंद फाळके, दादासाहेब. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्म. त्यांची 'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. आपण फक्त कॅमेऱ्यापुरतं बघू.

चित्रपटाच्या बाबतीत फाळके १९१२ साली अगदी नवशिके होते. पण फोटोच्या बाबतीत? बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले होते, गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला होता, छपाईत वर्षं काढली होती. चित्रपटाचं वेड लागलं तेव्हा तहानभूक विसरून चित्रपट पाहिले, वाचलं, डोळ्यांवर इतका ताण दिला की काही काळ दिसेनासं झालं. विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं.

तिथे त्यांनी पहिलं काय केलं? दुकानात गेले नाहीत. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. मुंबईत ते या अंकाचे वर्गणीदार होते. संपादक कॅबर्न यांनी आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला. हिंदुस्थानात हे चालायचं नाही, असं त्यांचं मत. पण समोरच्या माणसाला काम कळतंय हे पाहून त्यांनीच पुढे मदत केली. फाळक्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहिलं. मग ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म मागवली, आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेतलं. त्या भोकांत दाते अडकून फिल्म पुढे सरकते. भोकं पाडण्याचं काम दुसऱ्यावर सोपवायचं नाही, घरीच करायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. पुढे रात्र-रात्र जागून भोकं पाडण्यात, फिल्म धुण्यात सरस्वतीबाई फाळके होत्या.

बघा, कुठली कामं घरी करायची याची यादी त्यांच्या डोक्यात तयार होती. कॅमेरा त्या यादीतली एक वस्तू होती.

आणि परत आल्यावर त्या ५० पौंडांच्या कॅमेऱ्यानं काय टिपलं? राजवाडा नाही, देखावा नाही. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण केलं. बी फुटतंय, कोंब येतोय, वेल चढतोय. मिनिटभराची ती फिल्म, 'अंकुराची वाढ'. ती पाहून पैसे देणारा माणूस मिळाला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

तुम्ही म्हणाल, ते फाळके होते. होतेच. पण कुंडी आपल्या घरातही आहे.

बारा फोटोंचा रोल

आता थोडं जवळच्या काळात येऊ. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी कितींनी अगफा क्लिक-थ्री हाताळलाय? हात वर करा... बरेच आहेत. बडोद्यात बनणारा तो काळा, प्लास्टिकचा कॅमेरा. ऊन आणि ढग, असली दोन चित्रं. त्यातलं एक निवडायचं आणि खटका दाबायचा. १२० चा रोल, सहा बाय सहा सेंटिमीटरचे चौकोनी बारा फोटो. बस.

बारा फोटोत मुंज व्हायची, सहल व्हायची, कधी अख्खं वर्ष व्हायचं. शेवटचे दोन फोटो 'राहू दे, गणपतीत काढू' म्हणून ठेवलेले असायचे. रोल धुऊन आल्यावर त्यातले तीन-चार हललेले, एकात कुणाचं डोकं कापलेलं. पण उरलेले आज पन्नास वर्षांनीही अल्बममध्ये आहेत.

आम्हाला जुन्या दिवसांचं कौतुक करायचं नाही. रोल महाग होता, धुणं महाग होतं, आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्या कित्येक पिढ्यांचा एकही फोटो नाही, हेही त्याच काळाचं सत्य आहे. पण बाराच्या मर्यादेनं एक काम माणसाकडे ठेवलं होतं, खटका दाबण्याआधी विचार करण्याचं. नंतर ३५ मिलिमीटरचा ३६ फोटोंचा रोल आला, कोडॅकचे स्वस्त कॅमेरे घरोघरी गेले, आणि तो विचार थोडा सैल झाला. डिजिटलमध्ये तो पुरताच ऐच्छिक झाला.

आकड्यांची शर्यत

डिजिटलची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो १०० बाय १०० ठिपक्यांचा, म्हणजे १०,००० ठिपके, ०.०१ मेगापिक्सेल. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. ज्या कंपनीत हे घडलं, तिचा जीव फिल्मच्या धंद्यात होता. २०१२ मध्ये तीच कोडॅक दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात गेली.

१९९९ मध्ये निकॉन डी-वन आला, २.७ मेगापिक्सेलचा, वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरसाठी. २००३ मध्ये कॅननचा ३००-डी आला, ६.३ मेगापिक्सेल, आणि अमेरिकेत हजार डॉलरच्या आत. हौशी माणसाच्या हातात डीएसएलआर आला तो इथून. आणि खोक्यावरच्या आकड्यांची शर्यतही इथूनच रंगली. सहा, दहा, बारा, चोवीस...

मघाशी म्हटलं ना, 'मोठं म्हणजे चांगलं'? काच जेवढी, फोटो तेवढा, ही १८५५ ची समजूत मेगापिक्सेलचं रूप घेऊन परत आली. आपण साधा हिशेब करू. उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके पुरतात. ८ बाय १२ इंचांच्या फोटोला २४०० गुणिले ३६००, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेल. भिंतीवर लावायच्या १२ बाय १८ इंचांच्या फोटोला साडेएकोणीस. मोबाइलच्या पडद्यावर बघायला तर दोन-तीनही पुष्कळ. म्हणजे आज बाजारात असलेला कुठलाही बरा कॅमेरा या परीक्षेत पास आहे. या आकड्यासाठी वेगळा पैसा मोजायची गरज उरलेली नाही.

खरा फरक पडतो सेन्सरच्या क्षेत्रफळानं. सेन्सर म्हणजे पावसात ठेवलेलं भांडं समजा. तोंड जितकं रुंद, तितका उजेड जास्त गोळा होतो. प्रचंड झूम असलेल्या एकसंध कॅमेऱ्यांत सेन्सर बहुतेक वेळा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, सुमारे २८ चौरस मिलिमीटर. लेन्स बदलता येणाऱ्या, सुरुवातीच्या पायरीवरच्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो, साधारण ३६० चौरस मिलिमीटर. म्हणजे जवळपास तेरापट मोठं भांडं. फुल फ्रेमचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, ८६४ चौरस मिलिमीटर.

भर दुपारी तिन्ही कॅमेऱ्यांचे फोटो पाहिले तर फारसा फरक कळणार नाही. पण सफारी पहाटे निघते. सागाची पानं, बांबूची दाटी, सूर्य अजून झाडांच्या मागे. तिथे लहान भांड्यात उजेड पुरत नाही. कॅमेरा मग आवाज चढवल्यासारखा ताकद वाढवतो, आणि फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात.

वाघाचा सगळ्यात उपयोगी फोटो कुणी काढला?

आता वाघाकडे येऊ. १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्यानं कुमाऊंच्या जंगलात एक युक्ती केली. वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय लागला की कॅमेऱ्याचा खटका पडणार आणि प्रकाश उडणार. बंदुकीच्या जागी कॅमेरा. त्याचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. पुढे १९९० च्या सुमारास कर्नाटकातल्या नागरहोळेत डॉ. उल्हास कारंथ यांनी हीच कल्पना वाघ मोजण्यासाठी शास्त्रशुद्ध वापरली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. आणि डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीहून वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे.

२०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले गेले. जवळपास साडेतीन कोटी फोटो मिळाले, त्यांपैकी वाघांचे ७६,६५१. या फोटोंतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. जगातलं सगळ्यात मोठं कॅमेरा सर्वेक्षण म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आपल्या ताडोब्यातही वाघांची नोंद अशीच ठेवली जाते, आणि गावाजवळ वाघ-बिबट फिरतोय असं कळलं की वनविभाग आधी हेच कॅमेरे बांधतो.

आता हे कॅमेरे कसे असतात ते पाहा. झूम नाही. लेन्स साधी. पट्ट्यानं झाडाला बांधलेले. तरी वाघाचे सगळ्यात उपयोगी फोटो यांनीच काढले. कारण तीनच: योग्य जागा, न कंटाळता वाट पाहणं, आणि वाघाच्या जवळ माणूस नसणं.

शेवटचं कारण आपल्यासाठी सगळ्यात मोठं आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. त्याचे व्हिडिओ पसरले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. जवळ जाण्याची ही हाव फोटोसाठीच असते. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल वापरायला बंदी आहे, त्यामागेही हेच आहे. मोबाइलला लांबची लेन्स नसते, म्हणून मोबाइलवाला गाइडला म्हणतो, "अजून थोडं पुढे घ्या." आणि आपल्या वसाहतीत रस्त्याकडेला वाघ दिसला की लोक घरात जाण्याऐवजी मोबाइल काढून पुढे सरकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथे तर जिप्सीचा पत्राही मध्ये नसतो.

लेन्स माणसाला अंतर देते. लांबच्या लेन्सवर आपण जो पैसा घालतो, तो वाघाला आणि आपल्याला एकमेकांपासून सुरक्षित ठेवण्यासाठी असतो. त्यापुढे फोटोची शोभा दुय्यम आहे.

मग घ्यायचा कोणता?

तर आता त्या तरुणाचं उत्तर.

पहिली गोष्ट, बॉडी आणि लेन्स यांत पैसा लेन्सवर जास्त जाऊ द्या. याला इतिहासाचा पुरावा आहे. निकॉननं १९५९ मध्ये एफ माउंट आणला. तोच माउंट पुढे त्यांच्या डिजिटल एसएलआरवरही राहिला. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. त्या लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर ॲडॉप्टर लावून चालतात. बॉडी पाच-सहा वर्षांत जुनी होते. जपलेली लेन्स तुमच्या मुलाच्याही कामी येते.

दुसरी, नवाच हवा असा हट्ट नको. मोठ्या कंपन्या मिररलेसकडे वळल्या, नवे डीएसएलआर निघणं जवळजवळ थांबलं. त्यामुळे चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स जुन्या बाजारात खूप आल्या आहेत. एपीएस-सी सेन्सरची बॉडी, सोबतची १८-५५ ची लेन्स, आणि ७०-३०० ची एक. ३०० ची लेन्स एपीएस-सीवर साधारण ४५० सारखी दिसते. जिप्सीतून वाघासाठी आणि इरईवरच्या हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी सुरुवातीला तेवढी पुरते. हप्त्यांवर मोठी पांढरी लेन्स घेऊ नका. कंत्राटी पगाराला तो हप्ता पेलत नाही, आणि मग कॅमेरा हातात घेतला की आनंदाऐवजी तारीख आठवते.

तिसरी, जुना घेताना चार गोष्टी तपासा. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. एफ-१६ वर आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही पाहा.

चौथी, ही जागा ओळखा. इथे कोळशाची धूळ आहे, राख आहे. उघड्यावर लेन्स बदलू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवा. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, तेव्हा लांबचा फोटो कुठल्याही लेन्सनं धूसरच येतो. दोन हजार मिलिमीटरचा झूमही तिथे हरतो. आणि वीज केंद्राच्या आत परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही, हे सांगायला नकोच.

ज्याला लेन्स बदलण्याची कटकट नको, फक्त पक्षी ओळखून नोंद ठेवायची आहे, त्यानं मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा बेलाशक घ्यावा. पहाटेचा उजेड त्याला झेपणार नाही, एवढं माहीत असू द्या. तोही चांगलाच कॅमेरा आहे, फक्त वेगळ्या कामाला चांगला.

आणि पाचवी, खरी अट. पैसे मोजण्याआधी महिनाभर कुणाचा तरी कॅमेरा मागून घ्या. साधा, जुना, कसलाही. रोज बाराच फोटो काढायचे, क्लिक-थ्रीसारखे. रामाळा तलाव, जटपुरा गेट, चैत्रातली महाकालीची यात्रा, पहाटे कुलिंग टॉवरवरून उठणारी वाफ वसाहतीच्या रस्त्यावरून कशी दिसते ते. महिन्याच्या शेवटी ते साडेतीनशे फोटो समोर ठेवा आणि विचारा: आपण सारखे कुठे अडलो? उजेड कमी पडला? लांबचं हाती लागलं नाही? की चौकटीत काय घ्यावं तेच कळलं नाही? पहिल्या दोन अडचणींना दुकानात औषध आहे. तिसरीला नाही. ते काम यंत्रावर सोपवता येत नाही, ते आपल्याकडेच राहतं.

फाळके लंडनला गेले तेव्हा आपण कुठे अडतो हे त्यांना नेमकं माहीत होतं. म्हणून ५० पौंड वाया गेले नाहीत.

[श्रोत्यांतून: "आन् वाघ, जी?"]

वाघही मिळेल. सफारीत, गाइड म्हणेल तिथे थांबून, गाडीत बसून मिळेल. आणि कधी घरामागच्या झुडपात दिसलाच, तर दार लावून घ्यायचं, वनविभागाला फोन करायचा. त्याचा फोटो झाडाला बांधलेला कॅमेरा काढेल. तुमच्यासाठी खिडकीत कुंडी ठेवा. वाटाणे पेरायला पैसे लागत नाहीत.